कोल्हापूरचा न्यू पॅलेस : सासूबाई आणि पाचवीतल्या मुलीला घेऊन जावं का?

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी. डिसेंबरात नाशिकहून कोल्हापूरला येतोय. मुख्य काम अंबाबाईचं दर्शन, सासूबाईंचा नवस फेडायचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी आहे आणि त्या सकाळीवरून घरात दोन तट पडलेत. मला न्यू पॅलेस बघायचाय. अहोंचं म्हणणं असं की मैसूरचा राजवाडा पाहून झालाय, आता त्यापुढे काय बघणार? शिवाय त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलंय की तिथे नुसते पेंढा भरलेले वाघ आहेत, त्यापेक्षा सरळ पन्हाळा गाठा.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. मुलगी पाचवीत आहे. प्राणी तिचा जीव की प्राण, त्यामुळे ते वाघ बघून ती रडारड करेल की काय, ही माझी धास्ती. पण इतिहास तिला आवडतो. चौथीचं पुस्तक तिने कादंबरीसारखं वाचून काढलंय.

आणि एक भाबडा प्रश्न. देवळाजवळ जो राजवाडा आहे तोच हा का? नेटवर फोटो बघून आणखी गोंधळ झाला. कोल्हापूरकरांनी कृपया खरं काय ते सांगावं. 'नक्की या, छान आहे' एवढंच नको, ते आमच्याकडे नाशिकबद्दल आम्हीही सांगतो.

पेठेतला :

ताई, बिनधास्त या. आधी एक काम करा. रिक्षावाल्याला नुसतं 'राजवाडा' म्हणू नका. तो तुम्हाला जुन्या राजवाड्याला, म्हणजे भवानी मंडपात आणून सोडंल, आणि तो देवळाला लागूनच हाय, तुम्ही आदल्या दिवशी तिथनंच गेलेला असणार. 'न्यू पॅलेस' म्हणायचं. आमच्यात 'नवा राजवाडा' फक्त पेपरात लिहितात, बोलायला न्यू पॅलेसच. कसबा बावड्याकडं जायच्या अंगाला, रमणमळ्याजवळ. देवळापासनं चालत जायचं म्हटलं तर सासूबाई वैतागतील, रिक्षा करा.

म्युझियम तळमजल्यावर हाय, त्यामुळं जिन्याची काळजी नको. आत फोटो काढू देत नाहीत, मोबाईल पर्समध्ये टाका. सुट्टीच्या दिवसात वेळा बदलत्यात, आदल्या रात्री लॉजवर विचारून घ्या. मिसळ आधी, पॅलेस नंतर. उलटं केलं तर मिसळीच्या रांगेतच दुपार व्हती.

बाकीचं मास्तर सांगतील, त्यांचा हा हुकमी विषय हाय. पण वेळ काढून वाचा, मास्तर एकदा सुरू झाले की थांबत नाहीत.

रेघोट्या_मास्तर :

पेठेतल्यानं माझी जाहिरात केलीच आहे, तर आता सुटका नाही. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, आता निवृत्त. पोरांना घेऊन न्यू पॅलेसच्या आवारात बसायचं, कमानी काढायला लावायच्या, हा माझा वर्षानुवर्षांचा उद्योग. तेव्हा माझं मत एकतर्फी आहे हे धरूनच वाचा.

ताई, मैसूरची तुलना पहिल्यांदा डोक्यातून काढा. मैसूरचा आजचा राजवाडा १९१२ साली पुरा झाला, सगळा झगमगाट आणि सोनेरी काम. आपला पॅलेस काळ्या घडीव दगडाचा. लांबून बघताना तो थोडा रागीट दिसतो, उन्हाळ्यात तर तापल्यासारखा. १८७७ ते १८८४ या काळात तो बांधला. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरचा. या गृहस्थानं गुजरात-राजस्थानातल्या जैन आणि हिंदू देवळांचे खांब, त्यावरचे कोरीव टोडे, मुसलमानी घुमट, आपल्याकडच्या वाड्यांची धाटणी आणि मधोमध विलायती चालीचा अष्टकोनी घड्याळाचा मनोरा, असं सगळं एका इमारतीत आणलं. पुस्तकात याला इंडो-सारासेनिक म्हणतात. माझ्या एका विद्यार्थ्यानं 'सर, ही मिसळ आहे' म्हटलं होतं, आणि कोल्हापुरात याहून मोठी दाद नाही.

म्हणून आत शिरायची घाई करू नका. सासूबाईंना सावलीत बसवा आणि मुलीला घेऊन समोरून नीट बघा. एक घुमट दुसऱ्यासारखा आहे का, कुठली कमान टोकदार, कुठली पाकळ्यांची, छत्र्या कुठे आहेत, हे तिलाच शोधू दे. शक्य झालं तर एक छोटी वही द्या. फोटो आत बंद असले तरी बाहेर पेन्सिल चालवायला कुणाची ना नसते. आवारात तळं आहे, हरणंही आहेत, म्हणजे जिवंत प्राणी आधी बघून होतील. तुमच्या धास्तीवर हा एक उतारा.

आता मला खरं जे सांगायचंय ते. पर्यटक आत जातात, तलवारी बघतात, वाघ बघतात आणि 'राजेलोकांची मजा होती' म्हणत बाहेर येतात. पण हा राजवाडा बांधला जात होता त्या वर्षांत कोल्हापूरच्या राजाचे हाल कुत्रा खात नव्हता.

जरा मागं जातो. १८७० साली कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज विलायतेला गेले होते. परतताना इटलीत फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय अवघं विशीचं. तिथं आर्नो नदीच्या काठी, संगमावर, हिंदू पद्धतीनं दहन झालं. त्या काळच्या इटलीत ही केवढी गोष्ट असेल विचार करा. त्या जागी पुढं छत्री उभारली, आत फेटा बांधलेला त्यांचा अर्धपुतळा. ती छत्री आजही आहे आणि शेजारच्या अलीकडच्या पुलाला तिथले लोक 'इंडियानो'चा पूल म्हणतात. त्या छत्रीचा आराखडा कुणाचा? याच मँटचा. म्हणजे एका राजाची समाधी आखणाऱ्याच्या हातात पुढं त्याच गादीचा राजवाडा आला.

राजारामांच्या मागं दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज, तेही पोरवयाचेच. कारभार इंग्रजांच्या आणि दिवाणांच्या हातात. महाराज वेडे आहेत असं ठरवलं गेलं आणि त्यांना नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. त्यांच्या छळाबद्दल टिळक-आगरकरांनी लिहिलं, दिवाण बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, ते प्रकरण हेच. आगरकर-टिळकांचा तुरुंगवास शाळेत सगळे शिकतात, पण तो कोल्हापूरच्या राजापायी झाला हे निम्म्यांना आठवत नाही. २५ डिसेंबर १८८३ ला त्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. वय विशीचंच.

म्हणजे बघा, इकडं रमणमळ्यात पाथरवट छिन्नी-हातोडी चालवतायत, टोड्यांवर वेलबुट्टी उमटतेय, आणि तिकडं राजा कोठडीत. मँटसुद्धा १८८१ मध्येच वारला, त्यालाही ही वास्तू पुरी झालेली दिसली नाही. बडोद्याचा लक्ष्मीविलास त्याचाच, तोही दुसऱ्या आर्किटेक्टनं, चिझमनं, पुरा केला. त्याच्या मृत्यूबद्दल बऱ्याच दंतकथा सांगतात, गाईडनं रंगवून सांगितल्या तर ऐका आणि सोडून द्या.

राजवाडा तयार झाला १८८४ ला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कागलकर घाटग्यांचा दहा वर्षांचाही न झालेला यशवंतराव दत्तक आला. तेच आपले शाहू महाराज. तुमची मुलगी पाचवीत म्हणजे त्याच वयाची. तिला दारात उभं करून एवढंच सांगा की तुझ्याएवढा मुलगा इथं राजा म्हणून आला. माझी पोरं हे ऐकून गप्प व्हायची, आणि सहलीत पोरं गप्प होणं म्हणजे काय ते शिक्षकालाच माहीत.

आता आत काय बघायचं. तळमजल्यावर श्रीमंत शहाजी छत्रपती म्युझियम आहे. वरचा भाग राजघराण्याचा राहता आहे, तिकडं जाता येत नाही आणि डोकावूही नये. शहाजी महाराज म्हणजे शाहू महाराजांच्या मुलीचे चिरंजीव. आधी थोरल्या देवासच्या गादीवर होते, १९४७ ला इकडं दत्तक आले. त्यांच्याच काळात, १ मार्च १९४९ ला, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आत पोशाख, दागिने, हौदा, तलवारी, बंदुका, इंग्रज अधिकाऱ्यांची पत्रं असं पुष्कळ आहे. औरंगजेबाची म्हणून एक तलवार दाखवतात, तिच्यापुढं गर्दी असते. मी तिथं रेंगाळत नाही.

माझा मुक्काम दरबार हॉलमध्ये. दोन मजल्यांच्या उंचीचा एकसंध हॉल, एका टोकाला सिंहासनाची जागा. दोन्ही बाजूंना पाकळीदार कमानी आणि त्या कमानींत रंगीत काचा. त्या काचांवर शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. इथं तुमच्या मुलीचं चौथीचं पुस्तक कामाला येईल. तुम्ही काही सांगू नका, पाटीही वाचू नका, एकेका कमानीखाली उभं करून 'हा कुठला प्रसंग' एवढंच विचारा. मोठ्यांना न आलेले ती ओळखेल, पैज लावतो.

नंतर मान वर करून खांब बघा. खाली देवळातल्यासारखा खांब, त्यावर कोरलेला टोडा, आणि त्याच्याही वर बिडाच्या जाळीचा सज्जा. दगडावर चाललेला हात आणि कारखान्यात ओतलेलं बीड, एकाच नजरेत दोन्ही. हे जुळलंय की नाही यावर मी आणि माझा एक सहकारी निवृत्त होईपर्यंत भांडत आलो. तो म्हणायचा ठिगळ, मी म्हणतो त्या काळचा चेहराच तसा होता.

उजेडाचं एक सांगतो. काचा बघायच्या तर ऊन पाहिजे. जुलैत आमच्याकडं आभाळ दिवसच्या दिवस उघडत नाही, तेव्हा त्या काचा झोपलेल्या असतात. डिसेंबर उत्तम, तुम्ही दिवस बरोबर निवडलात.

रानवाट :

मास्तर, नेहमीप्रमाणे सुंदर. पण ताईंच्या एका प्रश्नाला तुम्ही हरणं दाखवून बगल दिलीत.

मी स्पष्ट सांगतो. शिकारीचं दालन मला सहन होत नाही. वाघ, अस्वल वगैरे भरून ठेवलेत ते एक वेळ ठीक, पण बिबट्याच्या मणक्यांची काठी, वाघाच्या कवटीचा ॲशट्रे, गेंड्याच्या पायाची वस्तू, हे काय बघायचं? माझी भाची तिथून बाहेर आली ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. प्राणी आवडणाऱ्या मुलीला मी तरी तिकडे नेणार नाही. त्यापेक्षा एक दिवस वाढवा आणि राधानगरी-दाजीपूरला जा. तेही संस्थानच्या शिकारीचंच रान होतं, १९५८ पासून अभयारण्य आहे. गवा जिवंत बघा, चरताना.

गोदाकाठ :

मास्तर, तुमचं उत्तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंना फ्लॉरेन्सच्या दहनाचं इतकं लागलं की त्या म्हणाल्या, पोराच्या आईचं काय झालं असेल. अहो तुरुंगाच्या भागाला आले आणि पन्हाळ्याचं नाव जरा हळू आवाजात घेऊ लागले.

रानवाट, तुमचं म्हणणंही पटतंय. दाजीपूरला वेळ नाही या खेपेला. त्या दालनाला वळसा घालून दरबार हॉल बघता येतो का? की सगळं एकाच रांगेत आहे?

रेघोट्या_मास्तर :

रानवाट, बगल दिली हे मान्य नाही, पुढच्या पोस्टसाठी राखून ठेवलं होतं.

ताई, गर्दीच्या दिवशी लोकांचा लोंढा पुढं ढकलत नेतो, त्यामुळं त्या वस्तू अजिबात नजरेस पडणार नाहीत अशी हमी मी देणार नाही. आणि लपवूही नका असं माझं मत आहे. आत जाण्याआधीच, बाहेर हरणांपाशी, तिला सांगा की आत मारलेले प्राणी ठेवलेत, नको वाटलं तर हात ओढ, आपण भराभर पुढं जाऊ. न सांगता समोर आलं की मूल घाबरतं. आधी सांगितलं की ते प्रश्न विचारतं.

आणि प्रश्न विचारला तर द्यायला एक गोष्ट माझ्याकडं आहे. कोल्हापुरात चित्ते पाळायचे. शिकारीला शिकवलेले चित्ते, डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून माळावर न्यायचे आणि काळविटावर सोडायचे. आपल्या देशातले चित्ते इतके रोडावले की कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवायला सुरुवात केली. पुढं १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. आणि २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते कुनोच्या जंगलात आणले, ते तुमच्या मुलीनं टीव्हीवर नक्की पाहिलं असणार. आफ्रिकेतून भारतात चित्ता पहिल्यांदा आला तो काही तेव्हा नाही. शिकार करायला मागवले आणि मग वाचवायला मागवले, हा मधला सगळा प्रवास त्या दालनात उभं राहून कळतो. मला तिथं आनंद होत नाही, पण दालन बंद करा असंही मी म्हणणार नाही.

शाहू महाराजांचा शिकारीचा नाद मोठा होता, हे त्यांचं चरित्र सांगणारे लोक एका ओळीत उरकतात. त्याच शिकारीपायी त्यांचा फासेपारध्यांशी संबंध आला. चोर म्हणून ज्यांना पोलीस पळवत होते त्यांना त्यांनी सोनतळीच्या कँपवर जवळ ठेवलं, पहाऱ्यावर नेमलं. एवढा दगडी वाडा असताना महाराजांचा जीव सोनतळीतच जास्त रमायचा.

अजून एक, कारण पाचवीच्या मुलांना हे फार भिडतं. गंगाराम कांबळे नावाचे दलित समाजातले एक गृहस्थ संस्थानच्या पागेत नोकरीला होते. तिथल्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून बाकीच्यांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा परगावी. परत आल्यावर गंगारामनं त्यांना पाठ दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना सडकून काढलं आणि गंगारामला पैसे देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. त्याच्या हातचा चहा कोण पिणार? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजायचे. राजाच्या पुढ्यात नाही कोण म्हणणार. १९०२ च्या २६ जुलैला मागासवर्गीयांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या तो हुकूम पुस्तकात असतो. मुलांना तो पाठ होतो, पण चहा लक्षात राहतो.

वेळ उरला तर तिथून कसबा बावड्यात लक्ष्मीविलास पॅलेसला जा. बडोद्याचा नव्हे, आपला. २६ जून १८७४ ला शाहू महाराजांचा जन्म तिथला.

पेठेतला :

मास्तर, टाऊन हॉल राहिला की.

रेघोट्या_मास्तर :

हो, टाऊन हॉल. तोही मँटचाच, न्यू पॅलेसच्या आधीचा, सीपीआर दवाखान्यासमोर. पण तिथं त्यानं सगळा विलायती गॉथिक थाट ठेवलाय, टोकदार सुळके आणि उतरती कौलं. दोन्ही एकाच दिवशी बघितलं तर माणूस काही वर्षांत कसा बदलला ते दिसतं. आत म्युझियम आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू. त्यात काशाचा एक वीतभर रोमन समुद्रदेव आहे, पोसायडन. पंचगंगेच्या काठी तो सापडला म्हणजे आपला व्यापार कुठवर होता बघा. सासूबाई बाहेरच्या बागेत महादेवाच्या देवळाशी बसू शकतील. दहा-पंधरा मिनिटांचं काम, परतीच्या वाटेवरच आहे.

पॅलेसला स्वतःला दीड-दोन तास धरा. वही नेलीत तर अडीच.

लाटकर_वहिनी :

दसऱ्याला आला असतात तर आणखी मजा. दसरा चौकात सीमोल्लंघन असतं, तेव्हा राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार बाहेर निघते. आमच्या घरची पोरं सोनं लुटायच्या आधी मोटार बघायला पळतात. डिसेंबरात ती दिसायची नाही.

आणि सासूबाईंसाठी : आवार मोठं आहे, फाटकापासून चालणं होतंच. पाण्याची बाटली आणि बसायला एखादी घडीची चटई ठेवा. माझ्या आईला मी असंच नेलं होतं. ती दरबार हॉलमध्ये वाघांपेक्षा झुंबरांकडंच बघत होती, 'हे पुसतं कोण?' म्हणून.

गोदाकाठ :

ठरलं मग. मिसळ, न्यू पॅलेस, टाऊन हॉल. वही आजच आणली. सासूबाई म्हणाल्या चटई कशाला, मी पायरीवर बसेन. अहोंचा एकच सवाल शिल्लक आहे : दुपारचा पन्हाळा जमतो का?

पेठेतला :

जमतोय की. वीस किलोमीटर तर हाय. तांबडा-पांढरा दाबून खाल्ला असंल तर गाडीत झोप लागंल तेवढं सांभाळा. गाडी गडावर आतपर्यंत जाती, चढायचं नाही. अंधार पडायच्या आत सज्जाकोठी करा. वारं लय असतं ताई, सासूबाईंना कानटोपी घ्या.